बेटावरची सगळी दारं

आमच्या बेडरूमच्या कपाटात एक राणी बसायची. थट्टा करत नाहीये. रविवारी जेवणं उरकली की माझ्या सासूबाई त्या कपाटात शिरायच्या, जाड कोटांच्या मध्ये स्टुलावर टेकायच्या आणि हँगरला टांगलेल्या माइकपुढे तोंड नेऊन गरजायच्या, "सैनिकांनो, पूल जाळून टाका!" बाहेर पलंगावर माझा नवरा कानाला हेडफोन लावून मान डोलवायचा. मी स्वयंपाकघरात भांडी घासत असायची. पूल जळो नाहीतर राहो, भांडी काही आपणहून घासली जात नाहीत.

कपाटच कशाला, असं मी विचारलं होतं. कोटांमुळे आवाज घुमत नाही, म्हणे.

हे सगळं मॉडपायी. मॉड म्हणजे काय ते मला लग्नानंतर कळलं. आधी कळलं असतं तर... असो. एक जुना कॉम्प्युटर गेम आहे, तलवारी, जादू, ड्रॅगन असला. बनवणाऱ्यांनी कधीच त्यातून अंग काढून घेतलं. पण माझ्या नवऱ्यासारखे काही जीव असतात, ज्यांना तो संपलेला सहन होत नाही. मग ते घरी बसून त्याला नवे भाग जोडत राहतात, दुसऱ्याच्या घरावर आपला मजला चढवावा तसे. बाकीचे लोक एखादी तलवार जोडतात, एखादी टोपी जोडतात. आमच्या उंटावरच्या शहाण्यांनी अख्खं बेट जोडायला घेतलं. त्यावर राजधानी, गावं, जंगलं, भाऊबंदकी, आणि सगळं आपल्या भाषेत बोलणारं. 'सगळं' हा शब्द माझ्या नवऱ्याचा. हा माणूस दोन वस्तू आणायला बाजारात गेला तर एक विसरून येतो.

टीम तिघांची. नवरा दिवसा स्वयंपाकघरांच्या कपाटांची ड्रॉइंगं काढतो, म्हणून बेटावरची घरं त्याच्याकडे. त्यामुळे तिथल्या भिकाऱ्याच्या झोपडीतसुद्धा ओट्याखाली ड्रॉवर आहेत आणि ते मऊ बंद होतात. दुसरा डेंटिस्ट, त्याच्याकडे राक्षस. राक्षसांचे हातपाय कसेही असोत, दात बघत राहावेत. हिरड्यासुद्धा निरोगी. तिसरे मास्तर, शाळेत इतिहास शिकवणारे, त्यांच्याकडे संवाद. बेटावरचा पहारेकरी "थांब, कोण आहे?" एवढं बोलून गप्प बसत नाही. आधीच्या लढाईची कारणं आणि परिणाम सांगितल्याशिवाय तो कोणाला आत सोडत नाही.

आणि मी? मी लाँड्री चालवते. दिवसभर दुसऱ्यांचे डाग बघायचे आणि "हा डाग आधी नव्हता" म्हणणाऱ्यांशी हुज्जत घालायची. मला गेम खेळता येत नाही, आणि येत नाही म्हणूनच त्यांनी मला चाचणीला बसवलं. शहाणा माणूस जिथे जाणार नाही तिथे मी जाते. भिंतीत घुसते, विहिरीत पडते, राजाच्या जेवणाच्या टेबलावर चढते. मग जे मोडतं ते हे लोक दुरुस्त करतात. "तुला खोट काढायला शिकवावं लागत नाही," असं नवरा म्हणाला. ते कौतुक होतं की टोमणा, यावर आमचं अजून एकमत नाही.

राणीसाठी मास्तरांनी आधी स्वतःच्या बायकोचा आवाज घेऊन बघितला. बाई इतक्या गोड बोलल्या की सैनिकांनी पूल जाळायच्या ऐवजी पुसून ठेवला असता. तिघं डोकं धरून बसले होते, तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "अगं ए, नळ कोणाच्या बापासाठी सोडून ठेवलायस?" तिघांनी एकदम माना वळवल्या. झाली निवड. सासूबाईंनी आयुष्यभर सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर दिले होते. "रांगेत या!" एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी भलेभले सरळ केले होते. राणी व्हायला त्यांना वेगळं काही करावंच लागलं नाही.

एकदा ऐन रेकॉर्डिंगमध्ये मला माझा कोट हवा होता. मी कपाट उघडलं, राणीच्या डोक्यावरून कोट ओढला आणि चालू लागले. मागून कडाडलं, "अगं, दार लाव आधी! शेपूट राहिलंय का बाहेर?" मी मुकाट्याने लावलं. माइक तसाच चालू होता, पण त्याचं तेव्हा कोणाला काही वाटलं नाही.

पुढे स्वेटरचं प्रकरण झालं. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीने हाताने विणलेला लोकरी स्वेटर मी लाँड्रीत नेला आणि तो गरम पाण्याच्या मशीनमध्ये गेला. बाहेर आला तेव्हा बाहुलीला झाला असता. लाँड्री माझी, मशीन माझं, बटण दाबणारं बोट माझं. बोलायला जागाच नव्हती, तरी माझ्या जिभेला हाड नाही. "लोकरच हलकी होती," असं मी म्हणून गेले. सासूबाईंनी त्या चिमुकल्या स्वेटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अबोला धरला.

आमच्या घरात अबोला नवीन नव्हता. भांडण झालं की एक-दोन दिवस नवऱ्याने पोस्टमन व्हायचं, मग कोणाला तरी हसू यायचं आणि संपायचं. हा संपेना. "तुझ्या लाँड्रीवालीला सांग, मीठ कमी पडलंय." मी तिथेच, हातभर अंतरावर. "त्यांना सांग, मीठ समोरच आहे." नवरा बिचारा दोन्हीकडे मान वळवून थकला. मी नवा स्वेटर घेऊन माफी मागायला गेले, तर त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि मुलाला म्हणाल्या, "तिला सांग, हा रंग मला शोभत नाही." मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, राहिलं.

त्याच सुमाराला त्यांचा आवाज बसायला लागला. मास्तर तर खूश. "राणीचा आवाज कसा पिकलाय बघा! राज्यकारभाराचा भार जाणवतो." राज्यकारभार कसला डोंबलाचा. दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं. स्वरयंत्रावर गाठ होती आणि स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. वेळेत आलात, म्हणाले, जिवाला तसा धोका नाही. पण आवाज राहणार नाही.

घरी आल्यावर दारात चपला काढताना सासूबाई मुलाला म्हणाल्या, "जीव राहतोय ना? मग आवाजाचं काय लोणचं घालायचंय? तुझ्या मास्तरांना बोलाव. राणीचं उरलंय ते उरकून टाकू. अर्धवट कामाचा मला तिटकारा आहे."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, घशाला ताण नको, गरजेपुरतं बोला. गरजेपुरतं म्हणजे काय ते सासूबाईंनी ठरवलं. रोज थोडा वेळ राणीला, दोन शब्द मुलाला, एखादा दूधवाल्याला. मला शून्य. उरलासुरला आवाज तो आणि तो चालला होता कुठल्या तरी खोट्या सैनिकांना हुकूम देण्यात! सांगायला लाज वाटत नाही, मला त्या सैनिकांचा हेवा वाटायला लागला. नळ मुद्दाम सोडून बघितला. गॅसवर दूध उतू जाऊ दिलं. त्या यायच्या, नळ बंद करायच्या आणि निघून जायच्या. पालथ्या घड्यावर पाणी. आवाज जायच्या आत त्या माझ्याशी एकदा तरी बोलतील की नाही, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहायचं. लाँड्रीत गिऱ्हाइकाने "हा डाग आधी नव्हता" म्हटलं, तर मी चक्क "बरं" म्हणाले. माझ्या हाताखालच्या बाईने मला घरी जायला सांगितलं.

ऑपरेशनच्या आधीचा रविवार आला. सोमवारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. राणीचा शेवटचा प्रसंग तेवढा उरला होता. मास्तर आणि डेंटिस्ट दोघंही हजर. सासूबाई कपाटात बसल्या, चष्मा लावून त्यांनी मास्तरांचा कागद वाचला आणि खाली ठेवला.

"हे मी म्हणणार नाही."

"का हो?" मास्तर दचकले. प्रसंग साधा होता. राणी राजवाड्याच्या पायऱ्यांवर पडते, हिरोच्या हातात मुकुट देते, 'माझा अंत जवळ आला' वगैरे म्हणते आणि प्राण सोडते.

"मी मरणार नाही," सासूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "ऑपरेशन मरायला करून घेतेय का मी? या घशातून निघणारं शेवटचं वाक्य मेल्याचं नको. दुसरं काहीतरी द्या."

"पण राणी मेल्याशिवाय हिरोला गादी मिळत नाही! इतक्या वर्षांची कथा त्यावर उभी आहे."

"मग राहू दे त्याला पण उभा."

डेंटिस्टने मध्यस्थी केली. "भूल देऊ या का राणीला? म्हणजे मरत नाही, नुसतीच गुंगीत जाते." मास्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो परत राक्षसांचे दात बघायला लागला. मास्तर म्हणाले, राणीला परदेशी पाठवू. सासूबाई म्हणाल्या, उद्याच्या दवाखान्याच्या पिशव्या भरून झाल्यात, आता आणखी कुठे जायची ताकद नाही. नवरा म्हणाला, आई, हट्ट नको. आई म्हणाली, हट्ट तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे. त्यांच्या प्रत्येक वाक्यागणिक आवाज आणखी फाटत होता आणि हे तिघं वाद घालून त्यांना आणखी बोलायला लावत होते. माझं डोकंच सणकलं. भांडी तशीच टाकून मी ओल्या हातांनी बेडरूमच्या दारात येऊन उभी राहिले.

"त्यांना सांग," मी नवऱ्याला म्हटलं, "राणीने मरायचं कशाला? अबोला धरायचा. हिरोने काहीतरी घोडचूक करून ठेवली असेलच, हिरो ना तो! राणी मुकुट त्याच्या हातात आपटते, तोंड फिरवते आणि बोलायचं बंद करते. गादी मिळते, पण राणी बोलत नाही. घे म्हणावं काय राज्य करायचं ते. आणि हेही सांग, की अबोला धरण्यात त्यांचा हात धरणारं त्या बेटावरच काय, जमिनीवरही कोणी नाही."

मास्तरांचं तोंड उघडं. मला वाटलं, आता संपलं, जास्तच बोलले. तेवढ्यात कपाटातले कोट हलायला लागले. सासूबाई हसत होत्या. आवाज नीट फुटत नव्हता, पण खांदे गदगदत होते.

"काय केलं होतं त्या हिरोने?" त्यांनी विचारलं.

नवरा सवयीने माझ्याकडे वळला. "आई विचारतेय, की हिरोने..."

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "मी तिला विचारतेय."

मी ओले हात पुसले आणि म्हटलं, "राणीचा स्वेटर आटवला. आणि वर लोकरीला नावं ठेवली."

"माफी मागितली का मेल्याने?"

"मागायची होती. राणीने ऐकून घेतलं असतं तर ना!"

"मग मागू दे आता. बसलीय राणी इथेच."

"चुकलं, आई," मी म्हटलं. "लोकर चांगली होती."

"होतीच," सासूबाई म्हणाल्या. मग चष्मा काढून पदराने पुसत म्हणाल्या, "आणि तो नवा रंगही तसा बरा होता."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मास्तर मात्र मास्तरच. त्यांनी कागद ओढला आणि राणीच्या अबोल्यामागची कारणं आणि परिणाम खरडायला लागले. भरगच्च पानभर झालं. सासूबाईंनी ते न वाचताच माघारी दिलं. म्हणाल्या, "मास्तर, अबोला धरणारी बाई एवढं बोलत नाही. दार लाव गं." मी कपाटाचं दार लावलं. नवऱ्याने खूण केली. आतून फाटका, पण अगदी स्वच्छ आवाज आला.

"मी आता बोलणार नाही. म्हणून तुम्ही बोलायचं थांबू नका. ऐकू येतंय मला."

दुसऱ्यांदा घ्यायची गरज पडली नाही. नवऱ्याने हेडफोन काढलाच नाही, नुसता भिंतीकडे बघत बसला. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा कशालाच पुरवणी जोडली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सासूबाईंना खाटेवरून नेताना आम्ही दोघं शेजारून चालत होतो. दारापाशी त्यांनी हाताने थांबवलं. मी वाकले. शेवटचं काहीतरी मोठं बोलतील, म्हणून नवराही वाकला.

"गॅस बंद केलास का?" त्या म्हणाल्या.

"केलाय हो," मी म्हटलं. दार मिटल्याबरोबर शेजारणीला फोन लावला. गॅस चालूच होता. पातेल्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सासूबाई सुखरूप घरी आल्या. गळ्याला छोटं भोक, त्यावर सुती रुमाल. बोलायला गळ्याशी धरायचं एक यंत्र मिळालं होतं, ते त्यांनी एकदा लावून बघितलं आणि पांढऱ्या पाटीवर पेनाने लिहिलं, 'मिक्सर बोलतोय.' मग ते खणात गेलं. पाटीवर त्या सगळं लिहायच्या, पण रागावणं काही लिहून होत नाही. पेनाचं टोपण काढेपर्यंत राग निघून जातो. घर असं शांत झालं की मला खायला उठायचं. मी बोलत राहायची, लाँड्रीतलं, बाजारातलं, शेजारणीचं. त्या ऐकायच्या, मान हलवायच्या. पण बोलणी खायची सवय लागलेल्या माणसाला नुसत्या मान हलवण्यावर कसं भागणार?

दरम्यान यांनी बेट लोकांसाठी खुलं केलं. शेवटची चाचणी कोणी केलीच नव्हती, कारण चाचणी करणारी मी, दवाखान्याच्या धावपळीत होते. दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू. मी संध्याकाळी पोळपाट धूत होते. गॅलरीचं दार उघडं होतं, वारा येत होता. आणि आतल्या खोलीतून, खणखणीत, जुन्या आवाजात आलं, "अगं, दार लाव आधी! शेपूट राहिलंय का बाहेर?"

मी धावत जाऊन गॅलरीचं दार लावलं. कडीसुद्धा घातली. मग लक्षात आलं, हे कसं शक्य आहे?

आत जाऊन बघते तर नवरा कॉम्प्युटरपुढे, घामाघूम. भानगड अशी झाली होती. हा माणूस कामावर कपाटाचं एक दार काढतो आणि तेच सगळीकडे चिकटवतो. बेटावरही त्याने तेच केलं होतं. दार एकच काढलेलं, झोपड्या, दुकानं, तुरुंग, सगळीकडे तेच. राजवाड्याच्या दाराला राणीचं 'दरवाजा उघडा' जोडायला गेला आणि घाईत शेजारचा तुकडा जोडला, माझ्या कोटाच्या वेळचा. आता बेटावर कुठलंही दार उघडा, तुरुंगाचं असो की राक्षसाच्या गुहेचं, सासूबाई ओरडत होत्या. माझ्या वाटणीची बोलणी गावभर वाटून झाली होती.

लोकांनी आधी तक्रार केली आणि मग त्यांना ते आवडायला लागलं. एकाने लिहिलं होतं, ड्रॅगनला मारून घरात शिरलो तर शेपटाबद्दल विचारणा झाली, मी खरोखर मागे वळून बघितलं. पण नवऱ्याचा चेहरा उतरलेला. "आईने ऐकलं तर काय वाटेल तिला? आत्ताच्या आत्ता काढून टाकतो."

त्याचा हात माउसवर होता. त्यावर दुसरा हात पडला. सासूबाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते आम्हाला कळलंच नव्हतं. त्यांनी मुलाला खांद्याला धरून खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसल्या आणि मला खुणेने विचारलं, चालायचं कसं? मी बटण दाखवलं. तेवढंच त्यांना हवं होतं.

आता बेट तसंच आहे. दारं कोणी दुरुस्त केलेली नाहीत. सासूबाई बाकी काही खेळत नाहीत. राक्षस येतो, दात दाखवून जातो, त्या बघतही नाहीत. त्यांचा हिरो कायम एका दारासमोर तयारीत उभा असतो. मी गॅलरीतून आत आले, दार उघडं राहिलं, की आतून टक् असा माउसचा आवाज येतो आणि पाठोपाठ आवाज पूर्ण मोठा करून, "अगं, दार लाव आधी! शेपूट राहिलंय का बाहेर?"

"लावते हो, लावते! हातात कपडे आहेत, दिसत नाही का?" मी ओरडते. टक्. "दार लाव आधी!" "ऐकलं म्हटलं ना! एकदा सांगितलं की कळतं मला!" टक्. आत खांदे गदगदत असतात, ते मला न बघता माहीत असतं.

हिवाळा आलाय, वारा बोचतो. नवरा म्हणतो, एवढी थंडी आणि तू रोज गॅलरीचं दार विसरतेस कशी? मी म्हणते, विसरते बाबा, वय झालं.